झाकण उघडून पाहण्याचा हक्क

पोफळी मागे पडून कुंभार्ली घाटाची चढण सुरू झाली आणि चार-पाच वळणे ओलांडतो न ओलांडतो तोच मोटारीत जळक्या तेलाचा उग्र दर्प कोंदू लागला, तेव्हा प्रथम मला वाटले की पुढे कण्हत चाललेल्या मालमोटारीचा तो धूर असावा. परंतु ती मालमोटार मागे टाकल्यावरही दर्प हटेना, उलट बॉनेटच्या फटींतून निळसर धुराची एक रेघ काचेवर येऊ लागली, आणि शेजारी बसलेली पत्नी "अहो, आधी गाडी बाजूला घ्या" असे म्हणाली, तेव्हा रस्ता जेथे जरा रुंद होता तेथे थांबून मी इंजिन बंद केले. बॉनेट उचलून पाहतो तो इंजिनाच्या माथ्यावर ज्या तोंडातून वंगणाचे तेल ओततात ते तोंड सताड उघडे. सभोवार काळ्या तेलाचे शिंतोडे. ते तेल ओघळत जाऊन धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळकांड्यावर जळत आहे. आणि त्या तोंडावर असावयाचे झाकण बॅटरीलगतच्या खोबणीत, आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करणाऱ्या हाताने जसे ठेवले असेल तसेच, पडून आहे. त्या तेलाने पेट घेतला नाही, कारण चढण अजून फार झाली नव्हती. दुसरे कोणतेही कारण मला सांगता येत नाही.

इंजिन निवल्यावर झाकण तोंडावर बसवून आम्ही संथपणे हेळवाकपर्यंत आलो. तेथील रस्त्याकाठच्या मिस्त्रीने झाकण काढून उलटे केले, आतल्या खोबणीतून बोट फिरवले आणि म्हणाला, "काका, झाकण हाय, पर आतली रिंगच न्हाई. घाटात पडली असंल कुठंतरी." पत्र्याच्या एका डब्यात त्याने जपून ठेवलेल्या जुन्या रिंगा चाचपल्या, त्यांतली एक जवळपासच्या मापाची निवडली, तेलाचे बोट लावून ती खोबणीत दाबली, कांडी ओढून तेल मोजले, एक लिटराची भर घातली, आणि पैसे विचारले तेव्हा फक्त तेलाची किंमत सांगितली. कऱ्हाडला पोहोचताच मी गाडीच्या कंपनीचे सुटे भाग विकणाऱ्या अधिकृत दुकानात गेलो. तेथील गृहस्थांनी संगणकात पाहून सौजन्याने कळवले की ती रबराची कडी स्वतंत्रपणे विक्रीस नाही. झाकण संपूर्ण घ्यावे लागेल, आणि तेही शिल्लक नसल्यामुळे मागवावे लागेल.

एका क्षुद्र वस्तूविषयी वृत्तपत्रातून इतक्या विस्ताराने लिहावयाचे कारण असे, की या एका दिवसात दोन निरनिराळ्या व्यवस्थांचा मला प्रत्यय आला, आणि त्यांपैकी जी व्यवस्था दिवसेंदिवस बळावत चालली आहे तिच्याविषयी बोलणे मला अवश्य वाटते. मोटारीच्या इंजिनात शेकडो भाग असतात आणि त्यांतील बहुतेकांना हात लावण्याचे ज्ञान व साधन सामान्य मालकापाशी नसते, हे मला कबूल आहे. परंतु वंगणाचे झाकण हा त्या यंत्राचा असा भाग आहे की जो निर्मात्यानेच मालकाच्या उघड्या हातासाठी, पाना-पकडीवाचून फिरेल अशा रीतीने घडवला आहे, आणि ज्याच्या आतल्या अंगावर इंजिनाच्या प्रकृतीची नोंद रोजच्या रोज उमटत असते. ते झाकण काढून पाहणे, त्याची कडी झिजली तर ती बदलणे, हे मालकाचे कर्तव्य आहे. आणि ते पार पाडण्यासाठी लागणारी दोन-चार रुपये मोलाची वस्तू व ओळ-दोन ओळींची माहिती त्याला मिळणे हा त्याचा हक्क आहे. पहिल्याकडे आपण दुर्लक्ष केले म्हणून दुसरा आपल्या हातून निसटला, असे माझे मत आहे.

हे झाकण करते तरी काय, असा प्रश्न विचारल्यास पुष्कळांचे उत्तर येईल की तेल सांडू देत नाही आणि धूळ आत जाऊ देत नाही. ते खरे आहे, पण अपुरे आहे. इंजिन चालू असता खालच्या कोठ्यातील तेल पंपाने उचलून माथ्यावरच्या कॅमच्या दांड्यापर्यंत नेले जाते, तेथे फिरत्या भागांवरून ते वेगाने उडते आणि पुन्हा भोकांवाटे खाली उतरते. लहान मोटारीतले तीन-चार लिटर तेल अशा रीतीने अखंड फेऱ्या मारीत असते, आणि झाकण असते ते नेमके या तुषारांच्या मार्गात. याखेरीज जळत्या इंधनाच्या वायूंचा काही अंश पिस्टनच्या कड्यांना चुकवून खाली कोठ्यात उतरतो. जुन्या काळच्या गाड्यांत हे वायू एका नळीवाटे सरळ रस्त्यावर सोडून देत, आणि कित्येक गाड्यांच्या तेलाच्या झाकणातच जाळी बसवून तिच्यातून ताजी हवा आत घेत. लॉस एंजेलिस शहराला धुरक्याने ग्रासले, आणि हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने ते धुरके मोटारींच्या वायूंवर ऊन पडून बनते असे दाखवून दिले, तेव्हा कोठ्यातून बाहेर पडणाऱ्या या वायूंकडेही शासनाची नजर वळली. १९६१ सालच्या सुमारास कॅलिफोर्नियातील नव्या गाड्यांवर ते वायू एका झडपेवाटे पुन्हा इंजिनात ओढून जाळण्याची योजना आली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. त्या दिवसापासून तेलाच्या झाकणाचा दर्जा बदलला. पूर्वी त्याने श्वास घ्यावा अशी अपेक्षा होती. आता त्याने तोंड घट्ट मिटून बसावे अशी आहे, कारण कोठ्यात किंचित ओढ ठेवलेली असते आणि झाकणाची कडी सैल असेल तर हवेच्या गाळणीला वळसा घालून रस्त्यावरची धूळ त्या फटीतून आत ओढली जाते. पुष्कळ नव्या गाड्यांत ही चोरवाटेने आलेली हवा संगणकाच्या हिशेबात बसत नाही. मग उभ्या गाडीचे इंजिन लटपटू लागते, समोरचा पिवळा दिवा लागतो, आणि मालक बिचारा इंजेक्टर साफ करण्याचे पैसे भरून येतो.

या सर्व व्यवस्थेचा भार रबराच्या एका कडीवर असतो. कच्चे रबर उन्हाने चिकट व थंडीने ठिसूळ होई. गंधकाबरोबर तापवून त्याला टिकाऊपणा आणण्याच्या कृतीचे पेटंट चार्ल्स गुडइयरने १८४४ मध्ये घेतले, आणि खोबणीत बसणाऱ्या गोल कडीचे, ज्याला आपले मिस्त्री ओ-रिंग म्हणतात तिचे, पेटंट नील्स क्रिस्टेन्सन या डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या यंत्रज्ञाला १९३९ मध्ये मिळाले. ही कडी कोणत्याही गोंदावाचून, केवळ स्वतःच्या लवचिकपणाने, दाबली गेल्यावर परत फुगू पाहण्याच्या तिच्या धर्माने, फट बुजवते. शंभर अंशांच्या आसपास तापणाऱ्या तेलाच्या सहवासात ती वर्षानुवर्षे राहते. रोज तापते, रोज निवते. आणि हळूहळू तिचा तो परत फुगण्याचा धर्म नाहीसा होतो. ती तुटत नाही, फुटत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही; ती नुसती चपटी व टणक होते. मग झाकणाभोवती प्रथम ओलसर काळे वर्तुळ दिसते, त्यावर धूळ बसून राप धरतो, आणि एके दिवशी घरासमोरच्या फरशीवर तेलाचा थेंब पडतो.

तपासणीची रीत अवघड नाही, पण तिच्यातही क्रम आहे. गाडी सपाट जागेवर उभी असावी, इंजिन बंद करून निववलेले असावे, आणि सर्वांत प्रथम आपण ज्याला हात घालतो आहोत ते तेलाचेच झाकण आहे याची खातरजमा करावी. त्यावर बहुधा तेलाच्या चंबूचे चित्र कोरलेले असते, आणि कित्येकदा कोणते तेल घालावे तेही लिहिलेले असते. रेडिएटरचे झाकण ही वेगळी वस्तू आहे. तापलेल्या इंजिनावर ते उघडले तर दाबाखालचे उकळते पाणी तोंडावर उसळते, आणि त्याने भाजलेले हात मी पाहिले आहेत. ओळख पटली की झाकणाभोवतीची धूळ आधी स्वच्छ कपड्याने पुसून घ्यावी. नाहीतर झाकण उचलताक्षणी तीच माती आत पडते, आणि कोकणातील तांबड्या मातीचा बारीक कण इंजिनाच्या बेअरिंगला काय करतो हे वेगळे सांगावयास नको. मग झाकण डावीकडे फिरवावे. काही झाकणांना आटे असतात, काहींना दोन कान असतात व ती पाव फेरीत सुटतात. उलटे करून कडीवर नख दाबावे. नखाची खूण उमटून लगेच नाहीशी झाली तर कडी जिवंत आहे, नख घसरले तर तिचे दिवस भरले. चिरा, कापलेली कड, एका बाजूला दबलेला भाग, तुटलेला कान, झिजलेले आटे, हे सारे उजेडात धरून पाहावे, आणि ज्या काठावर कडी टेकते तो काठही बोटाने चाचपावा, कारण तो खरवडलेला असेल तर नवी कडीही उपयोगी पडत नाही.

परंतु झाकणाचा खरा अर्थ त्याच्या आतल्या अंगावर आहे, आणि येथे मला जरा थांबावेसे वाटते. चिपळूणच्या पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या दिवसांत, येथल्या कोणत्याही लहान अंतर चालणाऱ्या गाडीचे झाकण उघडा. आत ताकाच्या लोण्यासारखा पिवळट-पांढरा थर सापडण्याचा संभव मोठा आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते, ही गोष्ट शाळेतल्या रसायनशास्त्राने सिद्ध करता येते, पण बहुतेक मालकांना तिची कल्पना नसते. त्यातली बहुतेक वाफ मागच्या नळीवाटे निघून जाते. थोडी कोठ्यात उतरते. गाडी दूरच्या प्रवासाला निघाली तर तेल पुरेसे तापून ती वाफ झडपेवाटे परत निघून जाते. पण घरापासून बाजारापर्यंत दोन किलोमीटर आणि बाजारापासून घरापर्यंत दोन किलोमीटर असाच जिचा दिनक्रम आहे, त्या गाडीचे तेल कधी पुरते तापतच नाही, आणि सर्वांत थंड अशा त्या झाकणाच्या पोटाला वाफ चिकटून, तेलाशी घुसळली जाऊन तिचे लोणी होते.

माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. दोन वर्षांपूर्वी त्या सायंकाळी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "भाऊ, हेड गॅस्केट गेलंय म्हणताहेत. इंजिन खोलावं लागेल, तीस-चाळीस हजार धरून चाला म्हणाले." झाकणातले लोणी दाखवून त्यांना हा निर्णय सांगण्यात आला होता. आता हेड गॅस्केट फुटल्याने थंड करणारे पाणी तेलात मिसळते व असाच थर जमतो, हे खोटे नाही. दोन्ही रोगांचे लक्षण एकच आहे, आणि म्हणूनच त्या एका लक्षणावर निकाल देणे हा अन्याय आहे. मी म्हटले, "बाई, आधी कांडी पाहू या." कांडीवरचे तेल स्वच्छ तपकिरी होते. पाण्याच्या बाटलीतली पातळी त्यांनी गेल्या महिन्यात पाहिली होती तेथेच होती. इंजिन तापल्यावर मागच्या नळीतून पांढरा गोडसर वासाचा धूर येत नव्हता. झाकण पुसून दिले आणि सांगितले की रविवारी गुहागरपर्यंत जाऊन या, आणि यापुढे महिन्यातून एकदा तरी एवढी मजल गाडीला द्या. त्या जाऊन आल्या. झाकण जवळजवळ कोरडे होते. ती गाडी आजही धावते आहे, आणि तिचे इंजिन अद्याप कोणी खोललेले नाही. ज्याने तो निर्णय सांगितला त्याच्या मनात लबाडी होती असे मी म्हणणार नाही, कारण मला ते ठाऊक नाही. परंतु बाईंना कांडी आणि झाकण यांची रुजुवात घालता आली असती तर ती रात्र त्यांना जागून काढावी लागली नसती.

याच्या उलट प्रसंगही याच गावाने पाहिला आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी व शिव या नद्यांचे पाणी चिपळुणात शिरले आणि गाड्याच्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर चिखलाने माखलेल्या गाडीत बसून "बघू तरी, चालू होते का" म्हणून किल्ली फिरवण्याचा मोह ज्यांना झाला त्यांतील कित्येकांची इंजिने कायमची गेली, कारण सिलिंडरात शिरलेले पाणी हवेसारखे दबत नाही आणि पिस्टनचा दांडा वाकतो. ज्यांनी किल्लीला हात न लावता प्रथम कांडी ओढली, झाकण उघडले, आणि दुधाळ चहाच्या रंगाचे तेल पाहून गाडी ओढत नेण्याची तजवीज केली, त्यांना तेल काढून, सिलिंडर कोरडे करून, पुन्हा तेल घालून इंजिन वाचवण्याची संधी तरी मिळाली. त्या आठवड्यात चिपळुणातल्या मिस्त्रींनी रात्रंदिवस जे श्रम केले त्यांची नोंद कोणत्याही सरकारी दफ्तरात नसेल. मी ते डोळ्यांनी पाहिले आहेत.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांना या झाकणाचा आणखी एक उपयोग ठाऊक असतो. इंजिन संथ चालत असता झाकण सैल करून नुसते तोंडावर ठेवतात. ते थोडे थरथरले तर चिंता नाही, पण खालून धापा टाकल्यासारखे वायूचे लोट येऊन ते उडू लागले तर जाणकार माणूस मान हलवून "बॅक कॉम्प्रेशन आहे" असे म्हणतो आणि व्यवहारातून अंग काढून घेतो. पिस्टनच्या कड्या झिजल्या, जळता वायू मोठ्या प्रमाणात खाली उतरू लागला, असा त्याचा अर्थ. मात्र हा प्रयोग जाणत्या माणसाच्या सोबतीने करावा.

कडी बदलणे हे तर त्याहून सोपे. जुनी कडी बोथट काडीने उचलावी, टोकदार सुरीने नव्हे, कारण खोबणीवर ओरखडा उठला तर तोच पुढे गळतीची वाट होतो. खोबण पुसावी, नव्या कडीला स्वच्छ तेलाचे बोट लावावे, पीळ न पडू देता ती सर्व बाजूंनी सारखी बसवावी, आणि झाकण हाताने घट्ट होईल तेवढेच फिरवावे. पकड लावू नये. गॅस्केटचा गोंद तर मुळीच लावू नये. माझा याविषयी आग्रह आहे, कारण गळती थांबवण्याचा तो सर्रास शिरस्ता होऊन बसला आहे, आणि त्या गोंदाचे सुटलेले तुकडे आत पडून तेल उचलणाऱ्या जाळीवर जाऊन बसले की तेलाचा दाबच उतरतो. कानच तुटले असतील, आटे गेले असतील, प्लास्टिकला चीर पडली असेल, तर झाकण संपूर्ण बदलावे. ते त्याच गाडीच्या नमुन्याचे असावे, आणि स्वस्त मिळते म्हणून ज्याच्या कडीचे रबर आठ दिवसांत तेलाने फुगते असे झाकण घेऊ नये.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. कान शाबूत, आटे शाबूत, झाकण शाबूत, आणि केवळ कडी गेली असता सबंध झाकण घ्या असे मला सांगण्यात आले, यात पैशांचा प्रश्न गौण आहे. प्रश्न असा आहे की हेळवाकच्या मिस्त्रीला जी वस्तू जुन्या रिंगांच्या डब्यातून शोधावी लागली, तिचे माप आणि तिचे रबर कोणत्या जातीचे हे कंपनीला ठाऊक असूनही ते तिने कोठेही छापलेले नाही. झाकणाच्या आतल्या अंगावर तेवढे आकडे उठवणे साच्यात एक ओळ वाढवण्याइतके सोपे आहे. गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका मी चाळली. इंग्रजीत शेकडो पृष्ठे, त्यांत दूरध्वनी गाडीला कसा जोडावा याविषयी अनेक पाने, आणि तेलाच्या झाकणाविषयी चार ओळी. मराठी पुस्तिका मागितली, ती मिळाली नाही. ज्या बाईंनी उभी हयात मराठीतून मुलांना शिकवले, त्यांना त्यांच्याच मालकीच्या यंत्राविषयी त्यांच्या भाषेत दोन शब्द सांगण्याची गरज कोणाला भासू नये, याचे मला दुःख होते.

पूर्वी असे नव्हते, हे स्मरणरंजनाच्या ओघात मी म्हणत नाही. बैलगाडीच्या आखाला वंगण घालण्याचे काम गाडीवान स्वतः करी आणि वंगणाचे नळकांडे गाडीखालीच टांगलेले असे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखल्या गेलेल्या गाडीला मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी अर्धशतक सांभाळले; तिची शेवटची नोंदलेली काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली, तोवर तिचे इंजिन हे चालकाच्या हातातले इंजिन होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिचेही बॉनेट उघडले की काय कोठे आहे ते नवख्यालाही दिसे. आज बॉनेट उघडले तर पुष्कळ गाड्यांत प्लास्टिकचे एक गुळगुळीत आच्छादन दिसते, आणि काही महागड्या परदेशी बनावटीच्या गाड्यांत तर तेल मोजण्याची कांडीही नाही. पडद्यावर जो आकडा येईल तो मानावा. यंत्रे सुधारली, अधिक टिकाऊ व कमी धूर ओकणारी झाली, हे मी मनःपूर्वक मान्य करतो. पण यंत्र सुधारले म्हणून मालकाला त्यातून बेदखल करण्याचे कारण काय, हे मला कोणी समजावून दिलेले नाही.

ही केवळ माझी तक्रार नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार-उत्पादकांविरुद्ध निकाल दिला तो याच मुद्द्यावर होता: सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू न देणे ही स्पर्धेची गळचेपी आहे. सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला गेला, प्रकरण अपिलात गेले, दंडाच्या रकमेविषयी वाद झाला. परंतु त्या निकालातील एक आदेश प्रत्येक मालकाने ध्यानात ठेवावा असा आहे, तो असा की स्वतंत्र गॅरेजात काम करून घेतले एवढ्याच कारणासाठी सरसकट वॉरंटी रद्द होईल अशी अट उत्पादकांनी घालू नये. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत शेतीची अवजारे, मोबाइल व घरगुती उपकरणे यांबरोबर मोटारींचाही समावेश केला, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक संकेतस्थळही उघडले. दिशा योग्य आहे. परंतु संकेतस्थळावर पत्ते देणे निराळे आणि सुटा भाग विकण्याचे बंधन कायद्याने घालणे निराळे. जोवर हे दुसरे होत नाही तोवर घाटातल्या मिस्त्रीचा पत्र्याचा डबा हाच आपला आधार राहणार.

उत्पादकांची बाजूही मी ऐकली आहे. इतकी लहान वस्तू वेगळी विकली तर तिचा साठा, क्रमांक, वेष्टन यांचा खर्च वस्तूच्या किमतीहून अधिक होतो. शिवाय अननुभवी माणसाने कडी चुकीची बसवली आणि गाडी पेटली तर दोष आमच्यावर येतो. पहिल्या आक्षेपाचे उत्तर असे, की कंपनीने कडी विकली नाही तरी चालेल. माप आणि रबराची जात जाहीर करावी, बाजार ती पुरवील. दुसऱ्या आक्षेपाविषयी मी एवढेच म्हणेन की माझी गाडी पेटावयाची वेळ आली ती अननुभवी मालकाच्या हातून नव्हे. अर्थात ज्या मुलाने झाकण विसरून बॅटरीशेजारी ठेवले त्याच्यावरही मला सारा ठपका ठेवता येत नाही. दिवसाला किती गाड्या हातावेगळ्या करावयाच्या याचा हिशेब त्याच्या डोक्यावर टांगलेला असतो, आणि त्याने भरलेल्या तपासणीच्या कागदावर टायरची हवा, काच पुसण्याचे पाणी, सुगंधी फवारा यांचे रकाने होते, पण तेल ओतल्यावर झाकण बसवल्याचा रकाना नव्हता. तो रकाना असावा, आणि त्यापुढे दुसऱ्या माणसाची सही असावी. विमानाच्या देखभालीत हा नियम आहे. मोटारीतही चार माणसे बसलेली असतात.

परवा मी कंपनीला पत्र लिहिले. कऱ्हाडहून मागवलेले नवे झाकण आले आहे आणि गाडीवर बसले आहे. पण जुने झाकण मी टाकलेले नाही, कारण त्यात काहीही बिघडलेले नाही. हेळवाकच्या मिस्त्रीने बसवलेली कडी त्यातून काढून, स्वच्छ पुसून, तिचा व्यास आणि जाडी जशी मला मोजता आली तशी लिहून, ती कडी पत्रासोबत पाकिटात घातली, आणि विचारले की आपल्या मूळ कडीचे माप हेच आहे काय, नसल्यास कोणते, आणि तिचे रबर कोणत्या जातीचे. पत्र मराठीत आहे. टपाल पोहोचल्याची पोच काल आली.